सातवीतले जादा दहा गुण

सर, तुम्ही जाऊन आता वीसच्या वर वर्षं झाली. मी धुळ्यात देवपूरला राहते, इथल्याच एका शाळेत सहावी-सातवीला इतिहास शिकवते. वर्गातल्या मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने एकेकाळी मी तुमच्याकडे बघत होते. फरक एवढाच, की तुम्ही त्या नजरेला पात्र होतात. हे पत्र मला फार आधी लिहायला हवं होतं. तुम्ही पिंपळनेरला होतात आणि तुमचा पत्ता मला ठाऊक होता, तेव्हाच.

भडगावच्या शाळेत आमचा सातवीचा वर्ग गिरणेच्या अंगाला होता. खिडकीतून नदी दिसायची नाही, पण दुपारच्या सुट्टीनंतर तिकडून वारा यायचा आणि फळ्यावरचा खडू आमच्या डोळ्यांत जायचा. तुम्ही इतिहास शिकवायचात, आणि शनिवारचा शेवटचा मूल्यशिक्षणाचा तासही तुमच्याकडेच होता. त्या तासाला बाकीचे शिक्षक वह्या तपासत बसायचे. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंत, ‘जादा दहा गुण’, आणि पेंगणारा अख्खा वर्ग सरळ होऊन बसला. तुम्ही म्हणालात, “पुस्तकात आपण जे धर्म शिकतो ते पुस्तकात राहत नाहीत, आपल्या गल्लीत राहतात. आपल्या घरात जो देव नाही, त्याच्या माणसांकडे जायचं. त्यांचे आजोबा-पणजोबा कुठून आले, काय काम करायचे, सण कसा करतात, ते विचारायचं. ऐकायचं, आणि ऐकलं तसं लिहून आणायचं. आपली अक्कल मधे घालायची नाही.” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, नही कयं ते?” तुम्ही हसलात. “नाही केलं तर काही नाही. जादा म्हणजे जादा, सक्ती कुणावर नाही. पण जो जाईल त्याने आधी घरची चिठ्ठी आणायची. आईची नाहीतर वडिलांची सही. चिठ्ठीशिवाय कुणी जायचं नाही.” हे शब्द मी मुद्दाम पुरते लिहिते आहे. सक्ती नाही आणि चिठ्ठी हवी, या दोन्ही गोष्टी तुम्ही स्पष्ट सांगितल्या होत्या आणि मी त्या ऐकल्या होत्या.

आमच्या वर्गात पन्नासवर पोरं होती, पुढे आलो पाच जण. माझं कारण काही फार थोर नव्हतं. सहामाहीला माझा दुसरा नंबर आला होता, तीन गुणांनी. मला ते दहा गुण हवे होते आणि त्यासाठी मी कुठेही गेले असते. माझ्या बाकावर शेजारी बसणारी माझी मैत्रीण पिंजाऱ्यांच्या घरातली होती. तिचे अब्बा आणि चाचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. आमच्या घरच्या गाद्याही त्यांनीच भरलेल्या. तिची दादी खूप म्हातारी होती आणि बोलायला तिला फार आवडायचं. म्हणजे फार हिंडावं लागणार नव्हतं. मी तेच घर निवडलं.

घरी मी विचारलंच नाही. त्या दिवसांत मोठ्या अक्काच्या लग्नाची बोलणी चालली होती. पाचोऱ्याकडचे पाहुणे येऊन गेले होते आणि त्यांचा होकार यायचा होता. आमचे आबा तसे शांत गृहस्थ, बाजारात बी-बियाण्यांचं दुकान चालवणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या महिन्याभरात गल्लीत कुणी मोठ्याने बोललं तरी ते दचकायचे. मला ठाऊक होतं की ते नको म्हणतील. म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर आबांच्या तिरक्या अक्षराची नक्कल करून चिठ्ठी लिहिली आणि खाली त्यांची सही ठोकली. ‘माझी मुलगी हीला प्रकल्पासाठी जाण्यास माझी हरकत नाही.’ तुम्ही ती वाचलीत, घडी घालून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, “छान. वडिलांना माझा नमस्कार सांग.” मी हो म्हटलं.

त्या घरी मी तीन दुपारी गेले. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग असायचा, भिंतींना, कोनाड्यांना, अब्बांच्या भुवयांनासुद्धा कापसाचे तंतू चिकटलेले. दादी आतल्या दारात पाय पसरून बसायची. पहिल्या दिवशी मी उभ्या उभ्याच प्रश्न विचारायला लागले, तशी ती म्हणाली, “आ बेटी, पहले बैठ तो. लिखने का है ना? तो बैठ के लिख.” मग तिने सांगितलं. तिच्या आजोबांची कापूस पिंजायची धनुकली कशी गावोगाव फिरायची, एकेका गावात महिना महिना मुक्काम कसा पडायचा, लग्न ठरलेल्या घरी पहिली गादी भरायला बोलावणं आलं की ते आधी हातपाय धुऊन ‘बिस्मिल्ला’ म्हणायचे आणि घरची बाई त्या कापसावर हळद-कुंकू टाकायची. रोज्याच्या उपासात पिंजण चालवताना घसा सुकून कापूस आत कसा चिकटतो, ते तिने खोकून दाखवलं आणि आम्ही दोघी मुली हसून लोळलो. मशिदीत ती स्वतः कधी आत गेलेली नव्हती. म्हणाली, “मरद लोग जाते. मैं यहीं से सुनती. जितना कान में आता, उतना मेरा.” तिसऱ्या दिवशी उठताना तिने माझी वही हातात घेतली, उलटी धरली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ये सब मेरा बोला हुआ है? पूरा हुआ तो मेरे को पढ के सुनाना.” मी म्हटलं, “सुनाऊंगी.” सर, मी तिथे दहा गुणांसाठी गेले होते, पण त्या तीन दुपारी मला गुणांची आठवण राहिली नव्हती, हेही खरं आहे. मी ते लपवत नाही, कारण त्यामुळे पुढचं सगळं जास्तच वाईट दिसतं.

तुम्ही लिखाण वाचून मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, “इथे ‘हे लोक’ लिहिलं आहेस. कोण लोक? तू ज्यांच्या घरी चहा प्यालीस त्यांना नाव आहे ना? मग नाव लिही.” माझे कान तापले. मग टेबलाच्या खणातून तुम्ही पुठ्ठ्याची एक कोरी लांब वही काढलीत. “यात नीट उतरवून काढ. स्नेहसंमेलनात मांडू.” मी आठवडाभर बसून ती वही लिहिली. प्रत्येक ‘हे लोक’ खोडलं आणि तिथे दादीचं नाव घातलं. आजवर मी जे काही लिहिलं, त्यात ते सगळ्यांत खरं होतं.

संमेलनाच्या दिवशी पाचही वह्या शाळेच्या सभागृहात टेबलावर मांडल्या होत्या. आमच्या दुकानाशेजारच्या एकाने माझी वही चाळली आणि सरळ दुकानात जाऊन आबांना सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मला कधी कळलं नाही. मी घरी आले तेव्हा आबा ओट्यावर उभे होते आणि माय आतून दाराला धरून उभी होती. आबांनी आवाज चढवला नाही. “तू तठे कसाले गयथी?” मी चपला काढायला लागले. “तीन दिन गयथी म्हने. कोनी सांगं तुले?” त्यावेळी मला खरं सांगता आलं असतं. आबांनी मारलं नसतं, त्यांनी कधीच कुणाला मारलं नव्हतं. फार तर दोन दिवस बोलले नसते. पण खोट्या सहीचं डोळ्यासमोर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सरनी सांगं.” आबा म्हणाले, “सरनी?” मी म्हटलं, “हा. नही गयी ते मार्क कापतीन म्हने.” मायने आतून विचारलं, “खरं शे का वं?” मी तिच्याकडे बघून म्हटलं, “खरं शे.”

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले, एकटे नाही, गल्लीतले चौघे बरोबर घेऊन. ते चौघे नसते तर आबांचं आणि तुमचं बोलणं पाच मिनिटांत मिटलं असतं असं मला अजून वाटतं. मला वर्गातून बोलावून नेलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही खिडकीजवळ उभे होतात, तुमच्यासाठी खुर्ची उरलेली नव्हती. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, “सरांनी तुला त्या घरी जायला भाग पाडलं का? घाबरू नकोस.” मी जमिनीकडे बघत मान हलवली. त्यांनी म्हटलं, “तोंडाने सांग.” मी म्हटलं, “हो.” मग त्यांनी तुम्हाला विचारलं, “तुम्ही तर म्हणाला होतात की पालकांची चिठ्ठी घेतल्याशिवाय कुणाला पाठवत नाही. हिची चिठ्ठी कुठे आहे?” आबा मधेच म्हणाले, “मी काही चिठ्ठी दिलेली नाही.”

तुम्ही सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलंत, त्यात पाच चिठ्ठ्या होत्या, मला घड्या दिसत होत्या. तुम्ही एकेक उघडून बघितलीत. एका चिठ्ठीवर थांबलात. आता संपलं असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. राग नव्हता तुमच्या चेहऱ्यावर. वर्गात एखाद्याला उत्तर येत नसलं की थोडा वेळ थांबायचात, तसे थांबलात. मी पुन्हा जमिनीकडे बघितलं. मग तुम्ही ती चिठ्ठी बाकीच्यांबरोबर परत पाकिटात सारलीत आणि म्हणालात, “हिची चिठ्ठी नाही माझ्याकडे. माझ्याकडून राहून गेली. चूक माझी आहे.” आबांकडे वळून हात जोडलेत. “मुलीला काही बोलू नका.”

त्यानंतर फार भराभर झालं सगळं. आबांनी मला वही घरी आणायला लावली. फाडून टाक असं त्यांनी सांगितलं खरं, पण ते सांगून ते दुकानात निघून गेले. मागे कुणी उभं नव्हतं. मी ती वही गादीखाली लपवू शकले असते, शाळेत ठेवू शकले असते. मी मागच्या अंगणात बसून एकेक पान फाडलं आणि बंबात घातलं. मैत्रिणीने दोन दिवसांनी एवढंच विचारलं, “दादी पूछती, पढने कब आएगी?” मी म्हटलं, वही सरांकडे आहे. त्या दिवसानंतर तिने बाक बदलला. तिला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. कदाचित कुणी काही सांगितलं नसेल, तिला कळलं असेल. दादी त्याच उन्हाळ्यात गेली. तिचं नाव मी पानापानावर लिहिलं होतं, आणि ती म्हणाली होती की वाचून दाखव.

संस्थेने जूनमध्ये तुमची बदली पिंपळनेरच्या शाळेत केली. तुमच्या पत्नी भडगावलाच दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना जाता येण्यासारखं नव्हतं. तुम्ही दर सोमवारी पहाटेची एसटी धरायचात, धुळ्याला गाडी बदलायचात आणि शनिवारी रात्री परत यायचात. हे मला आमच्या मायकडून कळलं, कारण तुमच्या बाईंनी तिला बाजारात सांगितलं होतं, रडत नाही, सहज. मायला काही ठाऊक नव्हतं. ती घरी येऊन म्हणाली, “बिचारीना घरधनी आठोडाभर बाहेर ऱ्हास.” मी जेवत होते आणि जेवत राहिले. जाण्याआधी तुम्ही वार्षिक निकाल करून गेला होतात. माझ्या गुणपत्रिकेत इतिहासाच्या तोंडी परीक्षेपुढे तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रकल्प पाहिला, जादा १०.’ माझा पहिला नंबर आला. आबांनी दुकानात पेढे वाटले. अक्काचं लग्नही ठरलं, पाचोऱ्यालाच. त्या पाहुण्यांना प्रकल्पाबद्दल कधी काही कळलंही नाही.

पुढे एकदा तुम्ही मला भेटलात. आठवतं का? तुम्हाला नक्की आठवत असेल. मी धुळ्यात कॉलेजला होते, बसस्थानकावर भडगावच्या गाडीची वाट बघत होते. तुम्ही खांद्याला कापडी पिशवी लावून आलात, केस पूर्ण पांढरे झालेले. मी तोंड फिरवलं होतं, तरी तुम्ही हाक मारलीत. “काय शिकतेस?” मी म्हटलं, “इतिहास, सर.” तुम्ही इतके खूश झालात की शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणालात, “ही माझी विद्यार्थिनी. इतिहास घेतला बघा.” मग थोडं खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंत, “‘हिला’ आता ऱ्हस्व लिहितेस ना?” आणि हसलात.

सहावी-सातवी अशी दोन वर्षं तुम्ही माझ्या वहीतल्या प्रत्येक दीर्घ ‘हीला’ला लाल गोल केला होता, आणि आबांच्या नावाच्या त्या चिठ्ठीतही मी ‘हीला’च लिहिलं होतं. मला तिथेच, त्या गर्दीत कळलं, की मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही ती चिठ्ठी वाचलीत तेव्हाच तुम्हाला सगळं समजलं होतं. एक कागद पुढे केला असतात तर तुम्ही सुटला असतात आणि मी उघडी पडले असते. “सर, मी” एवढं मी म्हटलं. तुम्ही हाताने थांबवलंत. “तू लहान होतीस. मोठे लोक चौघे घेऊन आले होते.” तेवढ्यात तुमची साक्रीची गाडी लागली. तुम्ही म्हणालात, “पिंपळनेरला ये एकदा. तिथली माझी मुलं काय सुंदर लिहितात, तुला दाखवतो. डोंगराकडच्या पाड्यांतून गाणी गोळा करून आणतात.” म्हणजे तुम्ही तिथेही जादा गुण द्यायला लागला होतात. मी येते म्हटलं. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. मी आले नाही. एकदा साक्रीपर्यंत एका लग्नाला आले होते, तिथून पिंपळनेर तासाभराचंही नाही. मी पंगतीत बसले, जेवले आणि धुळ्याची गाडी धरली. तुम्ही मला क्षमा केली होती आणि तुमच्यासमोर बसून ती घेणं मला झेपत नव्हतं. तुम्ही चिडला असतात तर मी कदाचित आले असते.

तुम्ही गेल्याचं मला पेपरातल्या चार ओळींच्या बातमीतून कळलं. पिंपळनेरच्या भाड्याच्या खोलीत, आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, हृदयविकाराने. माझ्यामुळे गेलात असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं करणं होईल. पण त्या खोलीत तुम्ही एकटे होतात आणि तुमच्या बाई दवाखान्यातल्या कामावर, भडगावला, हे माझ्यामुळे होतं. एवढं मी मोजूनमापून म्हणू शकते.

आता आमच्याकडेही प्रकल्प असतात, सर. सक्तीचे असतात. मुली नेटवरून मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांची रंगीत चित्रं काढून आणतात, चिकटवतात, खाली छापील मजकूर. सगळ्यांचा सारखाच. मी सगळ्यांना सारखेच गुण देते. इतक्या वर्षांत मी एकाही मुलीला कुणाच्या घरी पाठवलेलं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एकीने विचारलं होतं, “मॅडम, आमच्या मागे एक आजोबा राहतात, त्यांना विचारून लिहू का?” मी म्हटलं, “नको गं, उगाच कशाला. नेटवर सगळं मिळतं.” तिचा चेहरा पडला. पुन्हा तिने कधी काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मात्र सातवीत असंच बोलता बोलता एकीने विचारलं, “तुमच्या वेळी प्रकल्प होते का, मॅडम?” आणि मी तुमची गोष्ट सांगायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. जादा दहा गुण, दादी, कापूस, लांब वही, खोलीतली चौकशी, सगळं सांगितलं. फक्त एक बदल केला. मी म्हटलं, “आमच्या वर्गात एक मुलगी होती.”

गोष्ट संपली तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, ती मुलगी किती वाईट होती.” मागून दुसरी म्हणाली, “घाबरली असेल गं.” आणि सर, मी लगेच मान डोलावली. म्हटलं, “हो, घाबरलीच होती. लहान होती ना. त्या वयात काय कळतं?” आणखी दोघी-तिघी तसंच म्हणाल्या, आणि बघता बघता अख्खा वर्ग तिच्या बाजूने झाला. मीही त्यांना अडवलं नाही. तास संपल्याची घंटा झाली, मुली बाहेर गेल्या, आणि रिकाम्या वर्गात माझ्या लक्षात आलं, की मी गोष्ट तुमची सांगायला घेतली होती आणि शेवटी तिलाच सोडवून बसले. तुमचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.